पट्टेरी गुलाब एकरंगी का होतो, आणि छोट्या बागेत त्याचा ताटवा कसा राखावा

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका दादांनी विचारलंय: घरासमोर कंपाउंडला लागून दहा फूट लांब, तीन फूट रुंद पट्टा मोकळा आहे. माती काळी, पाणी बोअरचं. तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, घोसानं फुलणारा, पुन्हा पुन्हा बहर देणारा गुलाब लावायचाय. गेल्या हिवाळ्यात कुंडीत असं एक झाड आणलं होतं. सुरुवातीच्या बहरांना सुरेख पट्टे आले, आता निम्मी फुलं नुसती लाल येतात. खत कमी पडलं, की नर्सरीवाल्यानं भलतंच झाड गळ्यात मारलं?

दादा, यातलं काहीच नाही. तुमच्या झाडाची एक फांदी बिनपट्ट्याची झाली आहे, आणि ती वेळेवर न काढल्यामुळे तिचा पसारा वाढला आहे. मी सातारा भागात गुलाबाची कलमं करते. पट्टेरी गुलाब नेणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. म्हणून आधी ती नीट समजून घेऊ, लागवडीचं नंतर.

पट्टेरी फुलात लाल रंग बनवणारं जनुक पाकळीच्या काही पेशींत चालू असतं आणि काही पेशींत बंद. जिथे चालू तिथे लाल रेघ, जिथे बंद तिथे पांढरी किंवा दुधी. कुठे चालू व्हायचं आणि कुठे बंद राहायचं हे प्रत्येक कळीत नव्यानं ठरतं, म्हणून या गुलाबाची दोन फुलं कधी हुबेहूब सारखी येत नाहीत. पण कधीकधी एखाद्या डोळ्यातच, म्हणजे फांदीवरच्या फुटव्याच्या कोंबातच, ते कायमचं चालू होऊन बसतं. त्या डोळ्यातून निघालेली फांदी, तिच्या उपफांद्या आणि त्यावरची फुलं सगळी मग एकरंगी येतात. शेजारच्या फांदीवर मात्र पट्टे शाबूत असतात. खत, औषध, पाणी यातल्या कशानंही एकरंगी फांदी पुन्हा पट्टेरी होत नाही. ती काढावीच लागते.

आणखी एक भीती काही जण बोलून दाखवतात, की हे पट्टे म्हणजे विषाणूचा रोग तर नव्हे? ट्यूलिपच्या जुन्या पट्टेरी फुलांबाबत ते खरं होतं. गुलाबाच्या पाकळीवरच्या पट्ट्यांचा विषाणूशी संबंध नाही. गुलाबाला विषाणू लागला तर तो पानांवर पिवळ्या वेड्यावाकड्या रेघांनी दिसतो.

तेव्हा पहिलं काम झाडाजवळ बसून करायचं आहे. लाल फुलाचा देठ धरा आणि बोट खाली खाली न्या. तो ज्या फांदीला मिळतो तिथे थांबून त्या फांदीवरची बाकीची फुलं बघा. तीही लाल असतील तर आणखी खाली जा. कुठेतरी एक बेचकं लागेल, जिथून एक बाजू लाल फुलांची आणि दुसरी पट्ट्यांची निघते. लाल बाजू त्या बेचक्यापाशी, खुंटी न ठेवता, मुळासकट काढल्यासारखी कापा. वरवर छाटलीत तर खालचे डोळे फुटतील आणि तेही लालच निघतील. काही वेळा एकच फूल अर्धं लाल आणि अर्धं पट्टेरी दिसतं. ते फार देखणं असतं आणि जपावंसं वाटतं, पण ती फांदी संशयित समजा आणि पुढच्या बहराला तिच्यावर लक्ष ठेवा.

इथे वेळेची एक गोम आहे. आपल्याकडे गुलाबाची मोठी छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत होते. त्या वेळी झाडावर फुलं नसतात, आणि फूल नसलं की लाल फांदी आणि पट्टेरी फांदी ओळखू येत नाही. पान तेच, काटा तोच. मग छाटताना नेमकी जोमदार लाल फांदी राखली जाते, पट्ट्यांची बारीक म्हणून उडवली जाते, आणि डिसेंबरच्या बहराला निम्मं झाड लाल होतं. तुमच्याकडे बहुधा असंच झालंय. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरच्या फुलांवेळीच एकरंगी फांद्यांना बुडाशी रंगीत सुतळी बांधून ठेवा. छाटणीला बसलात की सुतळीवाल्या फांद्या आधी काढायच्या आणि उरलेल्या झाडाचा आकार मग बघायचा. पट्टेरी गुलाबात या एका सवयीनं जे साधतं, ते महागड्या खतांनी साधत नाही.

मात्र घाई करून भलतीच फांदी कापू नका. एप्रिल-मे महिन्यात सांगलीचा पारा 40 च्या आसपास गेला की सगळ्याच झाडाची फुलं लहान, चपटी आणि फिकी येतात. लाल पट्टा गुलाबीवर येतो, कधी दिसेनासा होतो. गुलाबातलं लाल रंगद्रव्य थंडीत जास्त बनतं आणि उकाड्यात कमी. त्यामुळे झाडभर फिकटपणा असेल तर तो हवामानाचा, थंडी पडली की पट्टे परत येतील. एकाच फांदीवर गडद एकरंगी फुलं आणि बाकी झाड पट्टेरी, हे चित्र दिसलं तरच कात्री लावायची.

तिसरी शक्यता खुंटाची. आपल्याकडची कलमं रानटी गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या खालच्या भागावर, चांगल्या वाणाचा डोळा भरून केलेली असतात. जोडाच्या खालून फूट आली तर ती खुंटाची. लोक सांगतात की सात पानांची (एका देठावर सात पानोळ्या) फूट जंगली आणि पाच पानांची कलमी. यावर अजिबात विसंबू नका. घोसानं फुलणाऱ्या कितीतरी चांगल्या वाणांनाही सात पानं येतात. भरवशाची खूण एकच, फूट निघते कुठून ते माती उकरून बघणं. खुंट मल्टिफ्लोरा या रानटी गुलाबाचा असेल तर आणखी एक बारीक खूण मिळते. पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना हिरवी पाती असते, मल्टिफ्लोरात तिची कड झालरीसारखी चिरलेली असते. भिंग लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसते. अशी फूट कात्रीनं न कापता माती बाजूला करून, खाली ओढून, बुडातून उपटायची. कापली तर एकाच्या चार होतात.

आता वाण. तुम्हाला हवा तो गट म्हणजे फ्लोरिबंडा. एका दांड्यावर पाच-सातपासून कधी दहा-बारा फुलांचा घोस, झाड बुटकं आणि भरगच्च, एक बहर संपून पाच-सहा आठवड्यांत दुसरा. डेन्मार्कच्या पौलसेन घराण्यानं 1924 मध्ये 'एल्स पौलसेन' आणि 'कर्स्टन पौलसेन' आणले तेव्हापासून ताटव्यासाठी हाच गट चालतो. जुना प्रसिद्ध पट्टेरी गुलाब 'रोझा मुंडी' युरोपात सोळाव्या शतकापासून माहीत आहे, पण तो वर्षातून एकदाच फुलतो आणि त्याला कडाक्याची थंडी लागते. आपल्याकडे त्याच्या नादी लागू नये. पुन्हा पुन्हा फुलणारा पट्टेरी गुलाब घडला तो फ्रान्समधल्या 1921 च्या 'फर्डिनांड पिशार'वरून. कॅलिफोर्नियाच्या राल्फ मूर यांनी त्याचा संकर करून पट्टे बुटक्या गुलाबांत उतरवले, आणि त्या वाटेनं पुढे पट्टेरी फ्लोरिबंडा आले. त्यातला सर्वांत नावाजलेला 'सेंटिमेंटल', टॉम कॅरूथ यांनी घडवलेला, 1997 साली अमेरिकेतला एएआरएस (ऑल-अमेरिका रोझ सिलेक्शन्स) हा नव्या गुलाबांचा पुरस्कार मिळवलेला. गडद लाल आणि दुधी रंगाचे शिंतोडे-पट्टे, आणि चांगला वास. जांभळ्या पट्ट्यांचा 'पर्पल टायगर' दिसायला विलक्षण आहे, पण झाड नाजूक. पहिल्यांदा लावणाऱ्यानं तो घेऊ नये असं माझं मत आहे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'अभिसारिका' आपल्याकडे जुना आणि लाडका आहे. 'किस ऑफ फायर' या वाणापासून उत्परिवर्तनानं मिळालेला, पिवळ्यावर लाल रेघांचा. मलाही तो फार आवडतो. पण तो हायब्रिड टी गटातला, उंच वाढणारा, दांड्यावर एकेक मोठं फूल देणारा. फुलदाणीला उत्तम, ताटव्याला नाही. तुमच्या पट्ट्यात तो लावलात तर खाली काटक्या आणि वर मोजकी फुलं असा देखावा होईल.

आपल्या नर्सऱ्यांत पट्टेरी गुलाब बहुतेक वेळा नावाशिवायच विकला जातो. म्हणून नावापेक्षा झाड बघून घ्या, आणि तेही नोव्हेंबर ते जानेवारीत, फुलावर असताना. एकाच फुलावर भाळू नका, दोन वेगळ्या फांद्यांवरची फुलं बघा. घोस येतोय का, बुडातून किमान दोन-तीन फांद्या निघाल्यात का, जोड नीट भरलाय का ते तपासा. सगळी झाडं एकाच वाणाची घ्या. पट्टेरी फूल मुळातच गजबजलेलं असतं, त्याच्याशेजारी चार रंगांचे गुलाब आले की नजर कुठेच ठरत नाही. सोबत काही हवंच असेल तर कडेनं पांढऱ्या किंवा नुसत्या हिरव्या रंगाचं बुटकं काहीतरी लावा.

दहा बाय तीन फुटांत पुस्तकी अंतरानं, म्हणजे दोन-दोन फुटांवर, नऊ झाडं बसतात. तुम्ही सातच लावा. थंड देशांत हिवाळाभर गुलाब झोपतो, आपल्याकडे तो जवळजवळ बारमाही वाढतो आणि सांगितल्यापेक्षा मोठा होतो. मागच्या ओळीत चार, पुढच्या ओळीत तीन, अडीच-अडीच फुटांवर, नागमोडी. दोन ओळींत दीड फूट. मधून वारा खेळला की निम्मे रोग येतच नाहीत. पट्ट्यावर रोज किमान सहा तास ऊन हवं, त्यातही सकाळचं. पश्चिमेची तापलेली भिंत पाठीशी असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारपुरती हिरवी शेडनेट ताणा.

माती आणि पाणी, सांगलीत खरी लढाई इथे आहे. काळी माती कसदार खरी, पण पाणी धरून ठेवते, आणि गुलाबाच्या मुळांना ओल हवी तशी हवाही हवी. त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार साठत जातात. वाळवा-मिरज पट्ट्यात क्षारपड झालेली रानं तुम्ही पाहिलीच असतील, लहान वाफ्यातही तेच घडतं. म्हणून सपाट जमिनीत खड्डे काढून लावू नका. आठ-नऊ इंच उंचीचा गादीवाफा करा. खालची काळी माती दीड फूट खोदून भुसभुशीत करा, तिच्यात पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. निचऱ्यासाठी चार पाट्या वाळू टाकायचा मोह होतो, तो आवरा. चिकण मातीत थोडी वाळू पडली की ती माती आणखी घट्ट बसते. निचरा सुधारतो तो सेंद्रिय खतानं आणि उंचीनं. साताऱ्याकडच्या, वाई-जावळीच्या तांबड्या मातीत प्रश्न उलटा असतो. तिथे पाणी झरझर निघून जातं, म्हणून खत जास्त आणि पाणी थोडं थोडं पण वारंवार द्यावं लागतं.

प्रत्येक झाडाच्या जागी दोन घमेली शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ सिंगल सुपर फॉस्फेट पुरतं. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सहज मिळते, पण ती पूर्ण कुजून थंड झालेलीच घ्या. ढिगात हात घातल्यावर ऊब लागत असेल तर ती मुळं जाळते. पाचट मात्र सोन्यासारखं आहे. त्याचे तुकडे करून तीन इंचांचा थर झाडांभोवती पसरा, बुंध्यापासून चार बोटं लांब. उन्हाळ्यात पाणी वाचतं, माती तापत नाही, आणि पावसाचे थेंब मातीवर आपटून रोगाचे बीजाणू पानांवर उडत नाहीत.

पिशवीतलं झाड मातीच्या घट्ट गोळ्यात आलेलं असेल तर गोळा तसाच पुरू नका. थोडा वेळ पाण्यात भिजवून बाहेरचा थर हलक्या हातानं सोडवा, नाहीतर मुळं त्या गोळ्यातच फिरत राहतात. डोळ्याचा जोड मातीच्या वर दोन-तीन इंच राहिला पाहिजे. लावणी जून अखेर किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस मोठा असेल तर ऑक्टोबरच बरा.

पाणी ठिबकनं द्या, पानं भिजवू नका. बोट दोन इंच मातीत घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. काळ्या मातीत गुलाब तहानेपेक्षा जास्त पाण्यानं मरतो. नळाचं कृष्णेचं पाणी मिळत असेल तर निदान आठवड्यातून एकदा ते गुलाबांना द्या, बोअरचं इतर झाडांना. वाफ्यावर पांढरा थर दिसू लागला तर क्षार वर आलेत. गादीवाफा असेल तर पावसाळ्यात ते बरेचसे धुऊन जातात. जिप्सम टाकायचं की नाही हे माती परीक्षणावरून ठरवा, अंदाजानं नको.

चुनखडीच्या जमिनीत आणि जड पाण्यात गुलाबाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही नत्राची कमतरता नाही, लोहाची आहे. जमिनीत लोह असतं, पण अल्कधर्मी मातीत मुळांना ते उचलता येत नाही. अशा वेळी युरिया टाकला तर पिवळेपणा तसाच राहतो आणि कोवळी वाढ होऊन भुरीला, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या पिठासारख्या बुरशीला, आमंत्रण मिळतं. फेरस सल्फेट लिटरला दोन-तीन ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा, आणि मुळांना चिलेटेड लोह द्या, त्यातलं ईडीडीएचए प्रकारचं. अशा मातीत तेच टिकतं.

खताचं वेळापत्रक गुंतागुंतीचं करू नका. प्रत्येक बहर संपला की झाडाला दोन मुठी गांडूळखत, आणि वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला दोन ग्रॅम. मे महिन्यात खत बंद.

बहर पुन्हा पुन्हा हवा असेल तर सुकलेली फुलं काढण्यात आळस चालत नाही. घोसातलं एकेक फूल सुकेल तसं चिमटीनं तोडा, आणि सगळा घोस संपला की तो खालच्या, पाच पानोळ्यांच्या पहिल्या चांगल्या पानापर्यंत, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, कापून टाका. घोसात मधली कळी सगळ्यांत आधी उमलते आणि आधी सुकते, त्यामुळे ऐन बहरात मध्ये तपकिरी ठिपका दिसतो. ती कळी वाटाण्याएवढी असतानाच खुडली तर बाकीची फुलं एकदम उमलतात.

छाटणीत तासगाव-मिरजेकडच्या लोकांचा हात द्राक्षावर बसलेला असतो, आणि खरड छाटणीसारखा गुलाबही बुडातून साफ करायची वृत्ती असते. फ्लोरिबंडाला ती मानवत नाही. मेलेल्या, आत वळलेल्या आणि पेन्सिलीहून बारीक फांद्या काढा. उरलेल्या पाच-सहा जोमदार फांद्या निम्म्याच्या आसपास ठेवा, त्याही कमी-जास्त उंचीवर, म्हणजे फुलं खालपासून वरपर्यंत येतात. काप बाहेरच्या डोळ्याच्या वर, तिरका. कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावा, ती तुमच्याकडे कुठल्याही बागायतदाराकडे मिळेल. तसं न केल्यास फांदी वरून काळी पडत खाली मरत येते. छाटणीपासून साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत फुलं येतात. जूनमध्ये दुसरी, हलकी छाटणी.

रोगांचं थोडक्यात सांगते, कारण द्राक्षाच्या मुलखात भुरी कुणाला समजावून सांगायची गरज नाही. गुलाबावरही ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कोरड्या दिवसांत आणि गार दमट रात्रींत येते. पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम, मात्र ऊन 32 अंशांच्या वर असेल तेव्हा नको, पानं करपतात. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येतात. ती बुरशी रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं, म्हणूनच मोकळं अंतर आणि कोरडी पानं यांचा आग्रह. गळलेली पानं रोज वेचा, गरज पडली तर मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम. खोडावर तांबूस-करडे खवले दिसले तर ओल्या फडक्यानं घासून काढा.

पट्टेरी गुलाबाचा खास शत्रू फुलकिडे. मार्च ते मे त्यांचा सुकाळ. गडद लाल फुलावर त्यांनी खरवडलेलं पटकन दिसत नाही, पण दुधी पट्ट्यावर तपकिरी ओरखडा लगेच उठतो आणि फूल शिळं दिसतं. एक कळी अर्धवट उमलताना तोडून पांढऱ्या कागदावर झटका. तांदळाच्या कणीहून बारीक, पिवळट-तपकिरी, सरपटणारे ठिपके दिसले तर तेच. निळे चिकट सापळे कळ्यांच्या उंचीवर लावा, पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्यानं फवारा, आणि खराब कळ्या पिशवीत भरून घराबाहेर टाका, वाफ्यात पडू देऊ नका.

राहिला प्रश्न सात झाडं आणायची कुठून. तुमच्या कुंडीतल्या झाडाची लाल बाजू काढून टाका आणि उरलेल्या पट्टेरी फांद्या जपा. डिसेंबर-जानेवारीत सराईत माळ्याकडून त्यांचेच डोळे खुंटावर भरून घ्या. डोळा अशाच फांदीचा निवडायचा, जिच्यावर तुमच्या डोळ्यांसमोर चांगलं पट्टेरी फूल येऊन गेलंय. न फुललेल्या, नुसत्या जोमदार दिसणाऱ्या फुटीचा डोळा माळी कितीही आग्रहानं मागो, देऊ नका. भरलेला डोळा तीन आठवड्यांनी हिरवा राहिला तर लागला. पहिलं फूल दाखवेपर्यंत प्रत्येक कलम पिशवीतच वाढवा. जे एकरंगी फुलेल ते कुणाला तरी लाल गुलाब म्हणून देऊन टाका, आणि वाफ्यात फक्त पट्टे दाखवलेलीच झाडं उतरवा.